काळ्या खडकापाशी मोजलेले मासे

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आणि ती सांगताना मला आजही राग येतो.

एका राज्यात खाडीकाठी कोळ्यांचं गाव होतं. दर पुनवेला ओहोटी लागली की घरटी एक माणूस काळ्या खडकापाशी जमायचा. तिथं ठरलेलं जाळं ओढायचं, मासे मोजायचे आणि जिवंतच पाण्यात सोडायचे. यात ना कुणाला मजुरी, ना मान. एक म्हातारी दर माशामागं एक शिंपला मडक्यात टाकायची. खाडीत मासळी किती उरली, हे गावाला त्या मडक्यावरून कळायचं.

एका वर्षी मडकं निम्मंही भरेना.

म्हातारी म्हणाली, "पाटील, मासळी आटतेय. दोन महिने खाडीच्या तोंडाशी जाळी टाकू नका. गाभोळीची मासळी अंडी घालायला आत येऊ द्या."

पाटील भडकला. राजा पाहणीला येणार होता, आणि ज्या खाडीत सर्वांत जास्त मासळी, तिथल्या पाटलाला पागोटं बांधणार होता. "अर्धं मडकं दाखवून गावाचं नाक कापू?" असं म्हणत त्यानं मोजणी खाडीच्या तोंडाशी नेली. जाळंही बदललं, अगदी बारीक भोकांचं घेतलं.

"अरे, जागा तीच अन् जाळं तेच असेल, तरच मोजणी खरी!" म्हातारी ओरडली. शहाणीसुरती माणसं मुकाट्यानं दोर ओढत राहिली. बोटाएवढी पिल्लंसुद्धा मोजली गेली. राजासमोर तीन मडकी भरली.

पाटलाच्या डोक्यावर पागोटं चढलं. राजा खूश होऊन म्हणाला, "एवढी मासळी? मग उद्यापासून माझ्या चाळीस होड्याही इथंच मासे धरतील."

सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. म्हातारी पुढं झाली. "महाराज, ही मोजणी खोटी आहे."

राजानं गावाकडं पाहिलं. गाव खाली मान घालून उभं राहिलं. एकाचीही जीभ हलली नाही!

"म्हातारीला भ्रम झालाय, महाराज," पाटील म्हणाला.

वर्षभरात चाळीस होड्यांनी खाडी खरवडून नेली आणि त्या दुसरीकडं निघून गेल्या. गावातल्या चुली विझल्या. पाटलाच्या घरी पागोटं होतं, भात होता, पण वर वाढायला कालवण नव्हतं.

पुनवेला सगळे पुन्हा काळ्या खडकापाशी आले. जुनं जाळं ओढलं. म्हातारीनं मडक्यात तीन शिंपले टाकले. चौथा तिच्या हातातच राहिला.

"त्या दिवशी एकानं जरी तोंड उघडलं असतं," ती कडाडली, "तर आज पोरं पोटभर जेवली असती!"

लहानांनो आणि मोठ्यांनो, खोट्या मोजणीपुढं गप्प बसणारा आपल्याच पोरांच्या ताटातला घास काढून घेतो.