हातभर जाड भिंत

यंत्रांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. एका दुकानात सहा अँटेनांचा दांडगा राउटर आणि दोन अँटेनांचा धाकटा शेजारी शेजारी राहत. गिऱ्हाईक आलं की धाकट्याचा जीव खालीवर होई.

एकदा शेवंताबाई बिडवे आल्या. त्यांची लेक मागच्या खोलीतून दूरच्या मुलांना शिकवी. पण इंटरनेट तिथवर पोचत नसे आणि शिकवणी मध्येच तुटे.

दांडगा गरजला, "मला न्या! कसलीही भिंत पार करतो."

धाकट्याने विचारलं, "बाई, भिंती कशाच्या?"

"दगडी. हातभर जाड."

"मग मला एकट्याला जमायचं नाही. खोक्यात माझ्यासारखाच माझा भाऊ आहे, त्यालाही न्या. त्याला मधल्या दाराशी बसवा, म्हणजे माझं बोलणं तो मागे पोचवील."

बाईंनी दांडग्यालाच उचललं. धाकटा आठवडाभर तळमळला. 'कशाला खरं बोललो? गेलो असतो ना घरी!'

आठव्या दिवशी बाई दांडग्याला घेऊन परत आल्या. "ते दोघे भाऊ द्या," त्या दुकानदाराला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत लेकीने भीतभीत विचारलं, "ऐकू येतंय का रे?"

मधल्या दाराशी भावाने तिचे शब्द झेलले, पुढच्या खोलीत धाकट्याने ते बाहेर धाडले.

"हो, बाई!" पडद्यावरून मुलांचे चाळीस गळे एकदम ओरडले.