धुरपदाचा दगड

निंबदऱ्याच्या देवळापुढे नुसता चिखल होता, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा गावात सटवाजी पाथरवट होता. त्याच्या छिन्नीपुढे काळा दगड लोण्यासारखा कापला जाई, असं म्हणतात. मोजणीतही त्याला तोड नव्हती. “कितीही दगड द्या, सारख्या रांगांत बसवीन. एक जरी उरला तरी छिन्नी डोहात टाकीन,” असं तो चावडीवर बोलून बसला होता.

गावाने देवळापुढे फरसबंदी करायची ठरवलं. माणशी एक दगड, स्वतः वाहून आणलेला, कोपऱ्यात आपली खूण कोरलेला. ज्याचा दगड फरशीत, तो गावचा.

दगड आले नऊशे एकोणीस. सटवाजीने ते एका मापाचे चौकोनी घडवले आणि मांडायला घेतले. तीनतीनच्या रांगा केल्या, एक उरला. सातसातच्या केल्या, दोन उरले. तेवीसच्या केल्या, तर शेवटच्या रांगेत एक कमी पडला. ती संख्या कुठल्याच रांगेला वश होईना. एक दगड नसता, तर चौतिसाच्या सत्तावीस रांगा चोख बसत होत्या.

त्याने एक दगड उचलला आणि डोहात सोडला. तो धुरपदाचा होता. धुरपदा घाटाखालून आदल्याच वर्षी आलेली, एकटी बाई.

फरशी पुजायच्या दिवशी जो तो आपली खूण शोधू लागला. धुरपदा वाकून सत्तावीस रांगा फिरली.

“सटवादादा, माझा दगड?”

“आणला होतास का?” सटवाजी म्हणाला.

लोक हसले. “उपऱ्या बाईचा दगडही उपराच! गेला असेल चालत!”

ती फरशीवरून उतरली आणि कडेला चिखलात जाऊन बसली. सटवाजीची नजर खाली गेली. पायाखाली, पहिल्याच रांगेत, त्याचा स्वतःचा दगड होता. त्याची मान पुन्हा वर होईना.

“दगड डोहात आहे,” तो सगळ्यांदेखत म्हणाला. “मी टाकला. एक काढायचाच होता, तर माझा काढता आला असता. ते माझ्या मनातही आलं नाही.”

कुणी काही बोलायच्या आत त्याने डोहात उडी घेतली. तीन दिवस तो पाण्याखाली होता, असं म्हणतात. चौथ्या दिवशी वर आला तो दगड छातीशी धरून.

“आता हा बसवणार कुठे?” पाटलांनी विचारलं.

धुरपदा म्हणाली, “जेवायला रांगेत बसता. शेकोटीला कसे बसता?”

सटवाजीने सगळी फरशी उखडली. एकेक दगड पुन्हा घडवून सहा कोनांचा केला. दोन वर्षं लागली. मधे धुरपदाचा दगड, त्याभोवती सहा, मग बारा, मग अठरा. सतराव्या वेढ्यात एकशे दोन बसले आणि दगड संपले. एकही उरला नाही. आपला दगड त्याने शेवटच्या वेढ्यात, येणाऱ्याचा पहिला पाय पडेल तिथे बसवला. मग, रांगांत एक उरला होताच म्हणून, चावडीवर बोलल्याप्रमाणे छिन्नी डोहात टाकली. पुन्हा धरली नाही.

आजही निंबदऱ्यात पंगत बसते, तेव्हा रांगांच्या मधोमध एक पान मांडतात. त्याला सटवाजीचं पान म्हणतात. ऐनवेळी आलेल्या अनोळखी माणसाला त्यावर बसवतात. तू कुठला, असं विचारत नाहीत. त्याने पहिला घास घेईपर्यंत गाव हात आवरून बसतं.