बाभळीच्या कुंपणातलं पिवळं झुडूप

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला ठाऊक नाही. टेकडीवरच्या एका गावात तुळाजी नावाचा म्हातारा विणकर राहत होता. त्याची बायको येसू वारली आणि घरात मागाची खटखट तेवढी उरली.

येसूने अंगणात एक झुडूप लावलं होतं. आज आपण ज्याला डेझी म्हणतो, तसल्या पिवळ्या फुलांचं. ऊन असो की थंडी, पानं सदा हिरवी आणि फुलं ताजी. ती गेल्यावर तुळाजी त्याच्याशीच बोले. रोज सकाळी विचारी, "उठलीस का गं?" आणि उत्तरासाठी थांबे.

एकदा शेजारची चंद्रा आली. "काका, एक फांदी द्या ना. माझ्या दारात लावीन."

"येसूच्या हातचं झाड आहे. त्याला विळा लागायचा नाही."

"अहो, सुकलेली फुलं खुडली, शेंडे छाटले, तरच ते नव्याने फुटतं. आणि पाणी किती घालता! मुळं कुजतील."

तुळाजीला राग आला. त्याने झुडपाभोवती बाभळीचं कुंपण घातलं. फुलं मागायला येणारी मुलंही मग येईनाशी झाली.

तो घागरी ओततच राहिला. झुडूप उंच वाढलं, पण आतून उघडंबोडकं झालं. एके सकाळी पानांनी माना टाकल्या होत्या. त्याने माती उकरली. काळी पडलेली मुळं हात लागताच तुटली.

दिवसभर तो तिथेच बसून राहिला. मग उठला आणि घरोघर फिरला. "माझ्या येसूच्या झाडाची फांदी आहे का हो कुणाकडे?"

"कुठून असणार काका? तुम्ही दिलीच नाहीत," लोक खाली बघून म्हणाले.

शेवटी तो चंद्राच्या दारात आला. तिनेही मान हलवली. "फांदी नाही, काका. पण येसूकाकू आमच्या परसात येऊन बसायच्या, खूप हसवायच्या. ते सांगेन. आत या."

तुळाजी बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मग वहाणा काढून आत गेला.

ते झुडूप मात्र त्या गावात पुन्हा कधीच फुललं नाही.

लहानांनो, मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: माणसांपासून लपवून जपलेलं प्रेम आपल्याच हातून मरतं.