एझिली सवतीच्या गुरुवाराची कहाणी

ऐक गं एझिली बाई, तुझीच कहाणी. हसत आली असशील तर हसत ऐक, रडत आली असशील तर टेकून बसून ऐक.

आटपाट बेट होतं. चारी बाजूंनी समुद्र, मधे डोंगर. त्या बेटावरची माणसं वोडू धर्म पाळत. त्यांचा थोरला देव फार लांब, आभाळापल्याड. त्याला माणसांची गाऱ्हाणी ऐकायला फुरसत नाही. मग त्यानं गाऱ्हाणी ऐकायला ल्वा नेमले. ल्वा म्हणजे आपल्या देवता म्हणा ना. कुणी समुद्राचा धनी, कुणी लोखंडाचा, कुणी पांढरा सर्प. या सगळ्यांत देखणी, नटवी आणि हट्टी ती एझिली. ती प्रेमाची देवी. तिचा वार गुरुवार.

त्या बेटावर फेनेल नावाचा कोळी होता. त्याची बायको ओदेत. दोघं भांडत, दोघं हसत, एका ताटात जेवत. असं असता काय झालं? फेनेलला ताप भरला. उतरेना. तापात त्याला गुलाबी झग्याची एक बाई दिसे. पहिल्या दिवशी म्हणाली, “मला वर.” तो हसला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “मला वर.” त्यानं कूस बदलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “वरत नाहीस तर समुद्राचा धनी माझा नवराच आहे, त्याच्या हवाली करीन.” तो घामाघूम होऊन उठला.

मग ओदेत गेली उर्सिल मांबोकडे. मांबो म्हणजे वोडूची पुजारीण. सत्तरीची म्हातारी, गुडघे धरलेली.

मांबो म्हणाली, “पोरी, एझिली भाळली आहे. लग्न लावून दे.”

“कुणाचं? माझ्या नवऱ्याचं?”

“दुसऱ्या कुणाचं? ल्वाशी लग्न लागतं आपल्यात. अंगठी घाल, साक्षीला माणसं बोलाव. तिला वेगळी खोली दे, वेगळा बिछाना दे. दर गुरुवारी दुपारपासून शुक्रवारी उजाडेपर्यंत तो तिचा. तू त्या खोलीत पाऊल टाकायचं नाहीस. बाकीचे सहा वार तुझे.”

ओदेतनं विचार केला. मेला तर सातही वार गेले. म्हणाली, “सहा तर सहा.” आणि तिनं वसा घेतला. गुरुवार मागणार नाही, गुरुवारी रुसणार नाही, गुरुवारच्या दाराला हात लावणार नाही.

लग्न लागलं. गुलाबी चादर ओदेतनंच शिवली. टोचलेल्या बोटाचं रक्त चादरीला लागू नये म्हणून बोट तोंडात धरून शिवली. अंगठी फेनेलच्या बोटात गेली आणि ताप उतरला.

मग पहिला गुरुवार आला. फेनेल नव्या साबणानं न्हाला, पांढरा सदरा घातला, खोलीत गेला, दार लावलं. आतून हसण्याचा आवाज आला. ओदेत म्हणाली, हसू दे. दुसरा गुरुवार आला. फेनेलनं अत्तराची बाटली आणली, आरसा आणला, खडीसाखर आणली. ओदेत म्हणाली, आणू दे. तिसऱ्या गुरुवारी त्यानं नखं कापली, दाढी केली, केसांना तेल लावलं. तेव्हा मात्र ओदेतनं चुलीतलं लाकूड उगाच आपटलं.

शेजारीण तुलिया कुंपणावरून डोकावली. “काय वहिनी, आज दादा पुन्हा नवरदेव?”

“तू तुझा भात बघ, करपतोय.”

“करपू दे. सवत आणलीस ती आणलीस, आणि तीही अशी, की झिंज्या धरायला सापडायची नाही!”

ओदेतच्या मनात ठिणगी पडली. आपल्याला हा माशांच्या वासाचे हात घेऊन भेटतो. आपल्यासमोर ढेकर देतो, घोरतो. लग्नाला नऊ वर्षं झाली, मला फुटका आरसा आणला नाही. मग उठता जळफळाट, बसता जळफळाट, चूल फुंकता जळफळाट.

पुढचा गुरुवार आला. फेनेल किनाऱ्यावर जाळं वाळत घालत होता. ओदेत खोलीत शिरली. एझिलीच्या साबणानं न्हाली. एझिलीचं अत्तर लावलं. एझिलीची खडीसाखर तोंडात टाकली आणि गुलाबी चादर अंगावर ओढून पडून राहिली. म्हणाली, बघते आज कसा हसतो.

फेनेलनं दार उघडलं. अत्तराचा घमघमाट आला, चादरीखाली बाई दिसली. त्याचा चेहरा असा उजळला, असा उजळला, की ओदेतनं नऊ वर्षांत पाहिला नव्हता. मग त्यानं तिला ओळखलं. चेहरा पडला.

उजळलेला पाहिला तोही तिनंच. पडलेला पाहिला तोही तिनंच. याहून मोठी शिक्षा काय असणार? पण एझिलीचं तेवढ्यानं भागलं नाही. आरसा तडकला. आरशातून आवाज आला, “माझा एक वार घेतलास ना? मी तुझे सहा घेतले.”

तेव्हापासून फेनेल खोलीतून बाहेर येईना. होडी वाळूत पडली. ओदेतनं दारातून हाक मारली, “जेवायला चल.” ओ आली नाही. दुसऱ्या दिवशी हाक मारली, “फेनेल, अरे फेनेल.” ओ आली नाही. तिसऱ्या दिवशी दारावर डोकं टेकून म्हणाली, “माझं चुकलं रे.” तसा आतून तो म्हणाला, “बाई, कोण तुम्ही?”

ओदेत रडली नाही. चवताळली. तडक मांबोकडे गेली. “तुझ्या देवीला बोलाव. मला तिच्याशी बोलायचंय.”

“बोलायचंय की भांडायचंय?”

“ती आली की ठरवते.”

मग सोहळा मांडला. भर दुपारी ढोल लागले. मांबोनं मक्याच्या पिठाची रांगोळी घातली, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची, कारण ती एझिलीची खूण. आधी वाटेवरच्या लेग्बा म्हाताऱ्याला हाक घातली, कारण तो दार उघडतो तेव्हाच बाकीचे ल्वा येतात. लेग्बानं दार उघडलं, आणि उर्सिल मांबोच्या अंगात एझिली आली. सत्तरीची म्हातारी, गुडघे धरलेली, पण काय चालली! कंबर लचकली, मान वळली. तिला गुलाबी झगा चढवला, पावडर लावली, तिच्या तीन नवऱ्यांच्या तीन अंगठ्या घातल्या. पुरुषांना तिनं जवळ घेतलं. बायकांपुढे भेटीदाखल नुसती करंगळी केली.

ओदेतपुढेही करंगळी आली. ओदेतनं ती धरली नाही.

“माझा नवरा दे.”

“तो माझाही आहे गं.”

“तुला तीन आहेत! सर्प आहे, समुद्र आहे, लोखंडाचा धनी आहे. आणि माझा तापानं वाळलेला एक कोळी तुला कशाला हवा?”

बायका चपापल्या. तुलिया म्हणाली, “अगं, देवी आहे ती.”

“असू दे देवी. मीही कुणी आहे.”

एझिली हसायची थांबली. तिचे ओठ थरथरले, आणि ती रडू लागली. हे काही नवं नव्हतं. एझिली दर वेळी हसत येते आणि रडत जाते. लोकांनी रुमाल आणले, मिठाई आणली, अत्तर शिंपडलं. ती आणखीच रडली. ओदेतनं सगळ्यांना बाजूला केलं. म्हणाली, “एवढं सगळं मिळून रडतेस कशाला?”

“तुझ्यावर जळते म्हणून,” एझिली म्हणाली. “माझ्याकडे सगळे न्हाऊन येतात. गोड बोलतात. कुणी घोरत नाही. कुणी म्हणत नाही, आज पाठ दुखते. तो माझ्या खोलीत बसतो, अत्तर लावतो, आणि कान मात्र तुझ्या चुलीकडे. तू भांडं आपटलंस की त्याला हसू येतं. तुला वाटलं माझ्यामुळे हसतो?”

ओदेत मट्‌कन खाली बसली. एकीला जे मिळत होतं त्यावर दुसरी जळत होती. मग ओदेत म्हणाली, “ऐक तर. गुरुवार तुझा, मी दाराला हात लावणार नाही. पण शनिवारी त्यानं माझ्यासाठी न्हायचं, पांढरा सदरा घालायचा, मला अत्तर आणायचं. मी काय फक्त सांभाळायला आहे?”

“आणि मला?”

“तुला गुरुवारी तो मनातलं सांगेल. दुखणीखुपणी, चिडचिड, सगळं. गोड बोलणं बंद.”

एझिलीनं डोळे पुसले. “कबूल,” म्हणाली, आणि निघून गेली. ओदेत घरी आली. फेनेल दारात उभा. “ओदेत, भूक लागली गं. किती दिवस झाले जेवून?”

मग गुरुवार आला. फेनेल खोलीत गेला. ओदेत ओट्यावर मासे साफ करत बसली. दाराला हात लावला नाही, पण कानांना कोण काय करणार? आतून फेनेलचा आवाज आला, “एझिली, तापातून उठलो तेव्हापासून मला पाण्याची भीती वाटते. होडी लोटताना पाय कापतात.” ओदेतच्या हातातली सुरी थांबली. हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं. बोलणं तिनंच देऊ केलं होतं, आणि तेच सगळ्यांत महाग निघालं. उठावं, दार ढकलावं, विचारावं, मला का नाही सांगितलंस? पण वसा होता. ती बसून राहिली. खवले काढून काढून मासा सोलला.

शनिवार आला. फेनेल न्हाला, पांढरा सदरा घातला, अत्तराची कुपी घेऊन आला. ओदेतनं कुपी घेतली, मनगटाला लावली, वास घेतला. मग म्हणाली, “पाण्याची भीती कधीपासून वाटते?”

“तुला कुणी सांगितलं?”

“सवतीनं.”

फेनेल कावराबावरा झाला, मग हसला, मग खाली बसून सगळं बोलला. दुसऱ्या दिवशी होडी दोघांनी लोटली. होडीत दोघं बसली. त्याचे पाय कापले तसे तिचेही कापले, पण जाळं भरून आलं.

वर्ष गेलं. पुन्हा सोहळा झाला, पुन्हा एझिली मांबोच्या अंगात आली. पुरुषांकडे बघितलंही नाही. झगा सावरत सरळ ओदेतपुढे येऊन उभी राहिली. “शनिवारी त्याच्याशी एवढं काय बोलत असतेस गं? गुरुवारी माझ्यासाठी काही उरतच नाही!”

“आणि तू? परवा त्याला नवं गाणं कुणी शिकवलं? माझ्यासमोर गुणगुणत होता!”

ढोल थांबले, पण दोघी थांबल्या नाहीत. शेवटी लोकांना आठवण झाली, की रुमाल आणायचा राहिला. कुणाला लागलाच नव्हता. त्या वर्षी एझिली रडत गेली नाही. भांडत गेली.

हा वसा कधी घ्यावा? मनात जळफळाट उठेल त्या दिवशी घ्यावा. काय करावं? जिच्यावर जळतो तिच्यापुढे जाऊन तोंडावर बोलावं, आणि आपलाही वार मागून घ्यावा. जशी एझिली ओदेतला पावली, भांडून पावली, तशी तुम्हां आम्हां बायांना पावो. साठ उत्तरांची ही कहाणी पाच उत्तरांत सांगितली, ऐकणारीला फळली, सांगणारीला पुरली, इथे संपूर्ण झाली.