धुरपताबाईची खूण

"आणि फ्रिजमध्ये का ठेवली होतीस?" अक्कांनी विचारलं.

सुधन्वा कहाळेकर जरा ओशाळला. "इंटरनेटवर लिहिलं होतं. गार केली की बंद पडलेली हार्डडिस्क कधीकधी चालते म्हणे."

"भाजीच्या कप्प्यात?"

"नाही... बर्फाच्या."

"मग कुल्फी तरी जमली का?"

मठाच्या स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसलेली वच्छलाबाई खुदकन हसली. सुधन्वाला ते चांगलंच झोंबलं. हा माणूस नाकावर माशी बसू देणारा नव्हे. कर्णबधिर मुलांच्या शाळेत वीस वर्षं शिकवलेलं, आणि गेली नऊ वर्षं एका कामानं झपाटलेला.

काम मोठंच होतं, ते कबूल करायला हवं. खेड्यापाड्यांत शाळेचं तोंडही न पाहिलेली म्हातारी कर्णबधिर माणसं असतात. आपल्या हातांच्या खुणा त्यांनी आपणच घडवलेल्या असतात. त्या खुणांचा कोश करायचा म्हणून हा पठ्ठ्या मोटारसायकलला कॅमेऱ्याची पिशवी अडकवून गावोगाव हिंडला होता. एकसष्ट माणसांचं चित्रीकरण केलं. त्यांतली अकरा आता हयात नव्हती.

ते सगळं या एका डिस्कमध्ये होतं. आठ दिवसांपूर्वी ती टकटक करायला लागली आणि रुसून बसली.

गोदाकाठच्या त्या लहानशा मठात अक्का राहायच्या. दीक्षा घेण्याआधी तीस वर्षं त्यांनी टेलिफोनच्या खात्यात दुरुस्तीचं काम केलेलं. मठातल्या पोथ्यांचे फोटो ठेवलेली डिस्क एकदा बसली, आणि तिला उठवता उठवता अक्का या विद्येत अशा तयार झाल्या, की चार जिल्ह्यांतली माणसं आपापल्या मेलेल्या डिस्का रुमालात बांधून यायला लागली.

"किती वेळा लावून पाहिलीस?"

"पस्तीस-चाळीस वेळा. दुरुस्तीचा प्रोग्रामही चालवला, दोनदा. मी यातलं बरंच वाचलंय, अक्का."

"तापानं फणफणलेल्या माणसाला चाळीस वेळा उठवून बसवलंस, आणि वर अंगणात पळवलंस."

अक्कांनी डिस्क उलटीपालटी करून पाहिली.

"दुसरी प्रत?"

"नाही."

"का?"

सुधन्वा वायरीचं टोक न्याहाळायला लागला.

अक्कांनी पुन्हा विचारलं नाही. डिस्क कानाशी धरून हलकेच वायर लावली, चार श्वासांपुरतं ऐकलं आणि लगेच काढून टाकली.

"जीव आहे. थोडा आहे. आता मी सांगीन तेच करायचं."

त्यांनी एक कोरी डिस्क शेजारी मांडली आणि काम सुरू केलं. जुन्या डिस्कवरचं जसंच्या तसं कोऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, एवढंच. संगणकाच्या पडद्यावर एक लांबलचक पट्टी दिसत होती. उतरलेला भाग हिरवा, न उतरलेला काळा.

तासाभरात हिरवं दिसायला लागलं आणि सुधन्वाचा धीर सुटला.

"अक्का, एक फाईल उघडू या ना. नुसती बघायला."

"नाही."

"एकच. आली की नाही एवढंच—"

"बघायला आलायस की घ्यायला?"

पुढं काळ्याचा एक तुकडा आला. डिस्क अडकली. टक... टक... अक्कांनी तो तुकडा तसाच सोडला आणि पुढं सरकल्या. सुधन्वा पडद्याकडं झेपावला.

"अहो, राहिलं ना ते!"

"आमच्याकडे पोथी उतरवणारा काय करतो माहितेय? वाळवीनं खाल्लेलं पान आलं, की तेवढी जागा कोरी सोडतो आणि पुढचं पान धरतो. एकाच पानाशी झटत बसला तर त्याच्या बोटांनी उरलेलीही फाटतात. धड पानं आधी. दुखरी मागनं."

दोन दिवस हेच चाललं. तासभर काम, तासभर विसावा. सुधन्वा ओसरीवर येरझाऱ्या घालत होता, वच्छलाबाई त्याला चहा पाजत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टी बहुतेक सगळी हिरवी झाली. साठ माणसं सुखरूप उतरली होती!

मधोमध एक काळा पट्टा मात्र उरला.

अक्कांनी यादी ताडून पाहिली. "यात एकच माणूस अडकलंय. धुरपताबाई."

सुधन्वाच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्यांत जास्त खुणा धुरपताबाईच्याच होत्या. ऐंशी वर्षांची म्हातारी, जन्मात एक शब्द ऐकला नव्हता, आणि दोन्ही हातांनी दिवसभर बडबड करायची. गेल्या हिवाळ्यात ती गेली. पुन्हा कॅमेरा घेऊन जायचं तर कुणापुढं?

आणि नेमकी तेव्हाच अक्कांनी वायर काढली.

"तापलीय. आता उद्या."

"उद्या? उद्या ती उठलीच नाही तर?" सुधन्वाचा आवाज चढला. "तुम्ही घाबरताय अक्का. मला द्या. मी काढतो."

अक्का उठल्या. खुर्ची मोकळी केली.

"घे."

सुधन्वा तरातरा जाऊन खुर्चीत बसला. वायर हातात घेतली. डिस्कवर हात ठेवला. ती अजून कढत होती.

वायर लावली आणि ती कायमची गेली, तर धुरपताबाईला आपण आपल्या हातानं... त्यानं वायर खाली ठेवली.

"मला नाही जमणार," तो म्हणाला.

"दोन दिवसांत पहिलं बरं बोललास." अक्का समोरच्या पाटावर टेकल्या. "आता सांग. दुसरी प्रत का नव्हती?"

"आमच्या शाळेत शमीम पटेल म्हणून बाई आहेत," सुधन्वा खाली मान घालून म्हणाला. "त्यांनी तीनदा मागितली. मुलांना दाखवायला. मी दिली नाही. वाटलं, प्रत बाहेर गेली की कोशावर दुसऱ्याचंच नाव लागेल. नऊ वर्षं उन्हातान्हात मी हिंडलो, अक्का!"

"हिंडलास खरा. बोलाव तिला. येताना कोरी डिस्क घेऊन ये म्हणावं. ती आल्याशिवाय मी वायरीला हात लावणार नाही."

"पण तोवर डिस्क—"

"तोवर ती गार होईल. तुझं डोकंही होईल."

फोन करताना सुधन्वाचे कान लाल झाले होते. पलीकडून शमीमबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "एसटी कुठवर येते?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या हजर झाल्या. चप्पल काढली, अक्कांना नमस्कार केला, पर्समधून कोरी डिस्क काढून समोर ठेवली.

"तीनदा मागितली होती सर," त्या म्हणाल्या.

"हो," सुधन्वा म्हणाला. "चुकलं माझं."

"बरं. आता बाजूला सरका, मला दिसत नाहीये."

अक्कांनी जुनी डिस्क जोडली. काळ्या पट्ट्याच्या सुरुवातीला न जाता त्या थेट त्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्या.

"हे काय?" सुधन्वाला राहवेना. "शेवटाकडून? उलटं वाचून कुणाला काय कळणार?"

"वाचायचंय कुणाला? उतरवायचंय. पुढच्या दारानं घेत नसेल तर परसदारानं जायचं."

टक...

पट्टीच्या शेवटाला एक हिरवी रेघ उमटली. मग दुसरी. मग तिसरी. काळा पट्टा मागून पुढं विरत चालला. मध्ये एकदा डिस्क अडली, अक्कांनी तिला अर्धा तास निजवलं, पुन्हा उठवलं. हिरवं होत होत पट्ट्यातले तीन बारीक ठिपके तेवढे काळे राहिले.

"हे नाही येणार," अक्का म्हणाल्या. "चित्र मध्येच तीन ठिकाणी अडखळेल. अडखळू दे."

त्यांनी जुनी डिस्क काढून ठेवली. उतरवलेली प्रत शमीमबाईंच्या डिस्कवर चढवली. ते सगळं झाल्यावर मग म्हणाल्या, "उघड आता."

सुधन्वानं फाईल उघडली.

आणि आली की हो म्हातारी! चुलीशेजारी बसलेली, डोईवरचा पदर सरकलेला, दात नसलेलं तोंड भरून हसत दोन्ही हात नाचवत होती. सुधन्वा भडाभडा रडला. लाज वाटली नाही त्याला. वच्छलाबाई हातातलं काम टाकून धावत आली.

पडद्यावर धुरपताबाईनं दोन तळवे एकमेकांवर थापले, मग डाव्या हाताच्या मनगटावरून दोन बोटं कोपरापर्यंत चालवत नेली.

"या खुणेचा अर्थ काय लिहिलात सर?" शमीमबाईंनी विचारलं.

"नाही लागला. पन्नासदा पाहिली. 'चालणे' लिहून पुढं प्रश्नचिन्ह टाकलंय."

"परत लावा."

परत लावली.

"तिच्या हातांकडं नका बघू. मागं बघा. सून."

मागं अंधूक कोपऱ्यात सून बसली होती. म्हातारीची बोटं कोपराशी पोचली, सुनेनं मान वर करून पाहिलं, आणि डब्यातून आणखी दोन मुठी पीठ परातीत घेतलं.

शमीमबाईंनी टाळी वाजवली. "पाहुणे आलेत, भाकरी वाढव!"

सुधन्वा आ वासून बघत राहिला. नऊ वर्षं तो हातच बघत होता. सून त्याला एकदाही दिसली नव्हती. आणि हे कळून वाईट वाटायच्या ऐवजी त्याला एवढा आनंद झाला, की तो खुर्चीतून उठलाच.

"वाढव! अगं बाई, वाढव म्हणते ती!"

वच्छलाबाईनं तळवे थापून बोटं चालवून पाहिली. "हे बरंय की. ओरडायला नको." शमीमबाईंनी करून दाखवली. अक्कांनीही केली, अगदी म्हातारीच्या ठसक्यात.

सुधन्वा मात्र शमीमबाईंची भरलेली डिस्क दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होता.

"दोन हात लागतात त्या खुणेला," अक्का म्हणाल्या.

त्यानं डिस्ककडं पाहिलं... मग ती शमीमबाईंच्या हातात दिली. तळवे थापले. बोटं मनगटावरून निघाली, वाटेत अडखळली, कोपराला पोचली.

"समजलं हो," वच्छलाबाई हसत म्हणाली आणि पीठ काढायला आत गेली.

अक्कांनी वायर गुंडाळली.

"आता ही खूण हरवून दाखव."