डोंगरावरची वाट

नदी आणि डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत एक गाव होतं, आणि त्या गावात रूथबाई नावाची एक म्हातारी राहत होती. गावाचं चर्च डोंगरापलीकडे. तिथं जायला दोन वाटा. एक नदीकाठानं, सपाट, लहान पोरही पळत जाईल अशी. दुसरी डोंगरावरून, काट्याकुट्यांची, भल्याभल्यांना धाप लावणारी.

रूथबाई दर रविवारी डोंगरावरून जायची. गुडघे कुरकुरायचे, पदर करवंदीच्या जाळीत अडकायचा, पण एक रविवार चुकला नाही. लोकांना तिचं कोण कौतुक. "श्रद्धा असावी तर अशी," म्हणत आया पोरांना तिचे सोललेले पाय दाखवायच्या.

आता खरं सांगायचं तर त्यात श्रद्धा थोडी आणि दुखणं जास्त होतं. नदीकाठच्या वाटेवर एका नावाड्याचं घर होतं. अकरा वर्षांपूर्वी तो दारू पिऊन नाव घेऊन निघाला, ऐन धारेत नाव उलटली आणि रूथबाईचा एकुलता एक योसेफ बुडाला. नावाडी तेवढा वाचला. त्या दिवसापासून त्यानं दारू सोडली, नाव सोडली आणि चर्चची पायरीही सोडली. रूथबाईनं ती वाटच सोडली. प्रार्थनेत दुसऱ्यांना क्षमा करण्याचं वाक्य आलं की तिचे ओठ मिटायचे. बाकीची प्रार्थना ती सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणायची.

एका शनिवारी पाळकसाहेब तिच्या दारी आले. "रूथबाई, नावाड्याचं काही खरं नाही. दोन-चार दिवसांचा सोबती आहे. एकदा जाऊन या."

"ते सोडून काहीही सांगा, पाळकसाहेब. या वयात देवासाठी डोंगर चढते मी. तेवढं पुरे नाही का?"

 पाळकसाहेब म्हणाले, "डोंगर चढायला प्रभूनं कुठं सांगितलं होतं, बाई?"

रूथबाईला राग आला. पण रात्री प्रार्थना म्हणताना ती क्षमेच्या वाक्याशी अडली आणि पुढं गेलीच नाही.

रविवारी सकाळी तिनं फडक्यात भाकरी बांधली आणि नदीकाठची वाट धरली. डोंगरावर कधी न डगमगलेले पाय त्या सपाट वाटेवर अडखळत होते. नदी दिसली की योसेफ आठवायचा, आणि नदी तर सारखीच दिसत होती.

नावाड्याचं दार बंद होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मरतानाही तोंड लपवतोय मेला," असं पुटपुटत ती मागं फिरली. तेवढ्यात नावाड्याच्या आजारपणात आलेली त्याची बहीण पाण्याची कळशी घेऊन परसातून आली आणि तिला बघून जागीच थबकली.

"मावशी, तुम्ही? अहो, रविवारी घंटा व्हायच्या आत तो दार लावून घेतो. त्याचं तोंड न बघता तुम्हाला या सोप्या वाटेनं जाता यावं म्हणून. अकरा वर्षं झाली. आज उठवत नव्हतं, तर मला लावायला सांगितलं."

रूथबाई पुन्हा दाराशी आली. मग तिनंच ते ढकललं.

आत नुसता हाडांचा सापळा पडला होता. तिला पाहून त्यानं हात जोडायचा प्रयत्न केला, पण हात उचलवेनात. तोंडातून शब्दही फुटेना. पलीकडे चर्चची घंटा वाजत होती. रूथबाईनं भाकरी पाण्यात कुस्करली आणि एक घास त्याच्या ओठांशी धरला.

"माझं लेकरू तुझ्या नावेत गेलं. ते मी विसरायची नाही," ती म्हणाली. "पण तुला मी क्षमा केली. येशूच्या नावानं केली. जेव बाबा."

त्यानं तो एक घास कसाबसा गिळला. डोळ्यांतून पाणी उशीवर उतरत राहिलं.

बुधवारी तो गेला. मूठमाती देताना रूथबाई अशी रडली की लोक चकित झाले. "वैऱ्यासाठी कसली रडतेस?" कुणीतरी विचारलं.

"त्याच्यासाठीही रडते आणि माझ्यासाठीही," ती म्हणाली. "अकरा वर्षं दोघंही एका दाराच्या दोन बाजूंना होतो. मला एक सकाळ मिळाली. बाकीच्या सगळ्या मी डोंगरावर घालवल्या."

त्यानंतर ती नदीकाठानंच चर्चला जाऊ लागली. नावाड्याचं दार आता उघडंच असायचं, पण आत कुणी नसायचं.

तात्पर्य एवढंच: पाय सोलवटणारी वाट प्रभूची असेलच असं नाही. ज्याला क्षमा करवत नाही त्याच्या दारावरून जाते ती प्रभूची वाट, आणि तिच्यावर निघायला उशीर करू नये.