काट्यांवर वाळत घातलेला साचा

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. तेव्हा जंगलातल्या प्राण्यांना स्वयंपाक येत होता. नुसता येत नव्हता, तर आमटीत गूळ घालावा की नाही यावरून त्यांची भांडणंही होत होती. म्हणजे बघा, किती सुधारलेलं जंगल असेल ते.

त्या जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदरीण राहायची. तिचे डिंकाचे लाडू पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. लाडू असे टणक, की टेकडीवरून सोडले तर थेट तळ्यापर्यंत घरंगळत जायचे आणि तरी फुटायचे नाहीत. साळूबाईला याचा फार अभिमान होता. दुसरा अभिमान होता आपल्या काट्यांचा. भांडी घासून झाली की ती काटे उभे करायची आणि वाट्या, पळ्या, झारे सगळं पाठीवरच वाळत घालायची. ऊन जिकडे सरकेल तिकडे साळूबाईही आपला संसार खुळखुळवत सरकायची.

याच जंगलात हत्तीणआजी राहायची. उन्हाळ्यात तळं आटलं की ती पायाने वाळू उकरून झरा मोकळा करायची, आणि सगळ्यांचं पिऊन झालं की मग स्वतः प्यायची. साळूबाईवर तिचा विशेष जीव होता. साळूबाई लहान असताना काट्यांच्या भीतीने तिला कोणी जवळ घेत नसे. आजी मात्र सोंडेच्या टोकाने तिचं नाक कुरवाळायची. साळूबाईने केलेला पहिलावहिला लाडू करपला होता, तोही आजीनेच खाल्ला होता आणि ती म्हणाली होती, "छान झालाय गं." तेव्हापासून रोज सकाळी साळूबाई तिला लाडू नेऊन द्यायची आणि आजी रोज म्हणायची, "छान झालाय गं."

पण त्या वर्षी आजीने अन्न टाकलं. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. ती वडाखाली उभी असायची ती उभीच असायची. जंगलात कुजबूज सुरू झाली की आजीचं काही आता खरं नाही. आजी गेली तर काय, हा विचारही साळूबाईला करवत नव्हता.

"तिला त्याच त्या गोल लाडवांचा कंटाळा आला असणार," साळूबाईने आपलं आपणच ठरवून टाकलं. "काहीतरी नव्या आकाराचं करायला हवं."

नेमका त्याच वेळी एक फेरीवाला उंट जंगलात आला. त्याच्या पाठीवर दूरदेशीच्या चिजा लादलेल्या होत्या. त्यात एक साचा होता. कमळाच्या आकाराच्या वाट्या एकाला एक जोडलेल्या, आणि सगळा साचा कसा मऊ, लवचीक. मुडपला तरी पुन्हा सरळ. आज आपण त्याला सिलिकॉनचा साचा म्हणतो. त्या काळी सिलिकॉन कुठून आलं, असं मला विचारू नका. बोलणारा उंट तुम्ही मुकाट्याने मान्य केलात, तेवढं हेही करा.

"साळूबाई, हा दिसतो मऊ, पण भारी सोशिक आहे," उंट म्हणाला. "उकळता पाक ओता, सोसतो. वाफेवर ठेवा, सोसतो. थंडीत गारठला तरी तडकत नाही. पण एक लक्षात..."

"कळलं, कळलं," साळूबाई म्हणाली. "सगळं सोसतो. मला हाच हवा." तिने मोबदला म्हणून टोपलीभर लाडू उंटापुढे ठेवले आणि साचा घेऊन ती तुरुतुरु निघूनही गेली. उंटाने एक लाडू चावला, दाढ धरून थोडा वेळ डोळे मिटले, आणि बाकीचे गुपचूप गोणीत भरले.

साळूबाईने घरी येऊन साचा धुतला. आणि धुतल्यावर काय केलं असेल? जे ती रोज करायची तेच. काटे उभे केले आणि साचा पाठीवर वाळत घातला. वर दोन पळ्याही अडकवल्या. मग चुलीवर गुळाचा पाक केला, त्यात डिंक टाकला, आणि मोठ्या आशेने तो साच्यात ओतला.

पाक एका वाटीतून गळला, दुसरीतून गळला. चुलीत पडून चर्र झालं, धूर झाला, आणि उरलेला पाक वाट काढत अंगणात गेला. तिथे मुंग्यांची दिवाळी झाली. साचा उन्हाकडे धरून पाहते तो एका बाजूच्या वाट्यांची चाळणी झालेली.

साळूबाई तावातावाने तळ्यावर गेली. उंट चिखलाच्या कडेला बसला होता आणि अस्वलभाऊ त्याच्याशी गप्पा मारत होता.

"फसवलंत मला," ती म्हणाली. "सगळं सोसतो म्हणालात ना?"

उंटाने साचा उलटासुलटा करून पाहिला, मग साळूबाईच्या पाठीकडे पाहिलं. "बाई, माझं बोलणं अर्ध्यावर टाकून तुम्ही पळालात. आग सोसतो, थंडी सोसतो, पण अणकुचीदार टोक सोसत नाही. सुरी नाही, काटा नाही, नख नाही."

"मग एवढ्या सोशिक वस्तूला असलं काही सोसत नसेल, हे मला कसं कळणार?"

"विचारायचं होतं," उंट शांतपणे म्हणाला. "माझंच बघा. ऊन सोसतो, तहान सोसतो, ओझं सोसतो. त्यामुळे माझ्या मालकाला वाटायचं, याला सगळंच चालतं. चिखलात माझे पाय घसरतात हे त्याने कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. एकदा त्याच्यासकट तोंडावर आपटलो, तेव्हा कळलं."

"त्यात काय एवढं? मी भोकं मेणाने बुजवून देतो," अस्वलभाऊ म्हणाला. त्याच्याकडे पोळ्याचं मेण ढिगाने पडलं होतं. "नाहीतर तो साचा मलाच दे. मी त्यात दिव्यासाठी मेणाच्या वड्या पाडीन, आणि तुला लागेल तेव्हा खाऊसाठी परत देईन."

"दोन्ही नको," उंटाने मान हलवली. "वाफ लागली की तुमचं मेण वितळून खाणाऱ्याच्या पोटात जाईल. आणि ज्यात दिव्याचं मेण ओतलं त्यात पुन्हा खाऊ करू नये. खाण्याचा साचा खाण्यालाच ठेवावा."

त्यांचं बोलणं चालू होतं, पण साळूबाईचं तिकडे लक्षच नव्हतं. या जंगलात सगळं सोसणारं कोण होतं, हे तिला आठवलं होतं. साचा तिथेच टाकून ती वडाकडे धावली.

"आजी," तिने धापा टाकत विचारलं, "तुला काय सोसत नाही?"

आजीने कान हलवले. इतक्या वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. ती जरा लाजली, आणि मग तिने तोंड उघडून दाखवलं. आत एकही दाढ शिल्लक नव्हती.

"अगंबाई! आणि माझे लाडू?"

"गालात धरून चघळत बसायचे मी," आजी म्हणाली. "तू गेलीस की वाळूत पुरून टाकायचे. या वडाखाली तुझं अख्खं दुकान आहे, बाळा. मऊ पाला होता तोवर भागलं. आता तोही वाळला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतक्या प्रेमाने आणायचीस. कसं बोलणार?"

साळूबाईला रडू आलं आणि हसूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे तिला उचकी लागली. पण रडत बसायला वेळ नव्हता. जंगलात मऊ, रसाळ गऱ्यांचे बरके फणस पिकून घमघमत होते. तिने गऱ्यांचा रस काढला, त्यात तांदळाच्या कण्या भिजवल्या, गूळ आणि नारळाचं दूध घातलं. सांदण, म्हणजे फणसाची वाफवलेली मऊ वडी करायचं ठरलं. दात नसलेल्यालाही जिभेने खाता येईल असं.

तळ्यावर टाकलेला साचा घेऊन उंट आणि अस्वलभाऊ आले, आणि या वेळी त्याचं सगळं नीट झालं. उंट सांगत होता आणि साळूबाई मध्ये न बोलता ऐकत होती, हेच मुळात नवल होतं. कोमट पाण्याने, नुसत्या बोटांनी साचा धुतला. काथ्या नाही, राख नाही. मऊ फडक्याने टिपून तो केळीच्या पानावर उपडा घातला. तो वाळेपर्यंत साळूबाई काटे अंगाशी चापून दूर बसली. मग साचा लाकडी फळीवर ठेवला, कारण भरलेला साचा नुसता उचलला की लचकतो आणि सगळं सांडतं. चाळणी झालेल्या वाट्या रिकाम्या सोडल्या, धडक्या तेवढ्या भरल्या, आणि फळी उचलून साचा अलगद वाफेच्या भांड्यात सरकवला.

वाफ आली, सांदण फुललं. साळूबाईला धीर निघेना. ती उलथन्याचं टोक घेऊन धावली, तसं अस्वलभाऊने तिला वाटेतच अडवलं. "निवू दे," तो म्हणाला, आणि तोंडाला सुटलेलं पाणी गिळत स्वतःही थांबला. साचा गार झाल्यावर साळूबाईने कडा हलकेच सोडवल्या आणि खालून अंगठ्याने दाबलं. टपकन एक पिवळंधमक कमळ पानावर आलं, पाकळीन् पाकळी शाबूत.

आजीने पहिलं कमळ सोंडेने उचलून तोंडात ठेवलं. सगळं जंगल श्वास रोखून बघत होतं. कमळ जिभेवर विरघळलं. आजीने डोळे मिटले, उघडले, आणि ती म्हणाली, "अजून आहे का गं?"

मग काय विचारता. साचा भरला, रिकामा झाला, पुन्हा भरला. जंगलभर फणसाचा वास सुटला, माकडांनी ताल धरला, आणि अस्वलभाऊ नको तितका नाचला. पुढच्या पौर्णिमेपर्यंत आजीच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या आणि ती पुन्हा झरा उकरायला लागली. उंटाला बसायला प्राण्यांनी एक कोरडी जागा करून दिली. तो साचाही पुढे वर्षानुवर्षं टिकला. साळूबाई मात्र त्या दिवसापासून ज्याला त्याला खाऊ देण्याआधी विचारू लागली, इतकं की प्राणी तिला वैतागले. पण उपाशी कोणी राहिलं नाही.

तात्पर्य : जो सगळं सोसतो, त्याला काय सोसत नाही हे आधी विचारून घ्यावं.